समासात लिहिलेली प्रार्थना

पंधराव्या शतकाच्या शेवटी लंडनमधल्या बऱ्यापैकी खात्यापित्या घरात एक पुस्तक हमखास असे: 'बुक ऑफ अवर्स'. म्हणजे नित्यपाठाची पोथी म्हणा. मठातले साधू दिवसाच्या आठ प्रहरी जी उपासना करत, तिचीच ही घरगुती, आटोपशीर आवृत्ती. तिच्यात सणवारांचे कॅलेंडर, मारियेची स्तोत्रे, पश्चात्तापाची सात स्तोत्रे आणि मृतांसाठीच्या प्रार्थना असत. श्रीमंत लोक कातड्यावर हाताने लिहिलेली, सोन्याने रंगवलेली प्रत करून घेत. १४८० नंतर पॅरिसचे छापखाने कागदावरच्या प्रती काढू लागले, तसा व्यापाऱ्याच्या बायकोलाही हा सौदा परवडू लागला.

घेताना निवड करावी लागे. पाठ रोमच्या पद्धतीचा हवा, पॅरिसच्या की इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या? कॅलेंडरात आपल्या गावचा संत आहे ना? चित्रे किती? कमरेला लटकवता येईल एवढे लहान हवे का? आज एखादी बेवारस प्रत सापडली की अभ्यासक याच खुणांवरून ती कुठल्या गावची ते ओळखतात.

आणि एकदा घरात आले की त्या पुस्तकाचे काहीही होई. कॅलेंडरच्या रकान्यांत मुलांचे जन्म आणि आईबापांचे मृत्यू नोंदवले जात. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि अ‍ॅन बुलिन यांनी तर १५२८ च्या सुमारास एका पोथीत एकमेकांना प्रेमाच्या ओळी लिहिल्या. त्याने जखमी ख्रिस्ताच्या चित्राखाली फ्रेंचमध्ये लिहिले. तिने इंग्रजीत उत्तर दिले, तेही देवदूत मारियेला पुत्रजन्माची वार्ता सांगतो त्या चित्राखाली. हेन्रीला मुलगा हवा होता. बाई हुशार होती.

अ‍ॅनशी लग्न करण्यासाठी हेन्रीने पोपशी फारकत घेतली. त्याचा माजी चॅन्सेलर टॉमस मोर याने राजाच्या बाजूची शपथ घ्यायला नकार दिला, म्हणून १५३४ च्या एप्रिलमध्ये तो टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद झाला. त्याच्या जवळ पॅरिसमध्ये १५३० साली छापलेली पोथी होती, तिच्यासोबत स्तोत्रांचे पुस्तक एकत्र बांधलेले. पाठ सॉल्झबरीचा, भाषा लॅटिन. कुणीही विकत घ्यावे असे साधे बाजारी पुस्तक. या छापील मजकुराच्या वरच्या-खालच्या समासांत, पानापानावर एकदोन ओळी अशा हिशेबाने, मोरने स्वतःची इंग्रजी प्रार्थना लिहिली. स्तोत्रांच्या कडेला छोट्या टिपा आहेत: इथे संकट, तिथे सैतान. पाठ सगळ्यांचा, पण भीती त्याची एकट्याची. १५३५ च्या जूनमध्ये त्याची पुस्तके आणि लिहिण्याचे सामान काढून घेतले गेले. ६ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला. ही प्रत आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे.

त्याच जूनमध्ये राजाज्ञा निघाली होती: पुस्तकांतून पोपचे नाव खोडा. १५३८ मध्ये दुसरी निघाली: टॉमस बेकेटचे नाव खोडा. हा कँटरबरीचा संत चारशे वर्षांपूर्वी एका राजाशी भांडून मारला गेला होता, त्यामुळे हेन्रीला तो का खुपत असेल हे वेगळे सांगायला नको. १५४५ मध्ये राजाने स्वतःचे प्रार्थनापुस्तक काढून बाकीच्यांवर बंदी घातली. गंमत अशी, की १५७१ मध्ये पोप पाचवा पायस यानेही जुन्या आवृत्त्या बाद करून एकच अधिकृत पोथी नेमून दिली. एकमेकांचे हाडवैरी, पण गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून आपली पोथी निवडावी हे दोघांनाही नको होते.

जुन्या प्रती मात्र घरोघरी होत्याच. त्यांच्यावरच्या खाडाखोडीत मालकांचे स्वभाव दिसतात. कुणी बेकेटचे नाव सुरीने खरवडून कागद फाडेपर्यंत गेले. कुणी शाईचा जाड पट्टा ओढला. आणि काही प्रतींत नावावर फक्त एक बारीक तिरकी रेघ आहे. खालचे अक्षर न् अक्षर आजही वाचता येते.