नळीतला उसना वायू

बंदूक अडली म्हणजे दोष कोणाचा, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न वरवर पाहता कारागिराच्या दुकानातला वाटतो. पण तो एकदा अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिगृहापुढे गेला, आणि त्याच्या पाठीमागे तरुण सैनिकांची प्रेते होती. म्हणून तो इतिहासाच्या कक्षेत येतो. श्रोत्यांपैकी ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नाही त्यांनी बिचकण्याचे कारण नाही. प्राइमस स्टोव्हचे भोक ज्याने पिनेने साफ केले आहे, निदान आईला करताना पाहिले आहे, त्याला या विषयातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

१८८९ साली अमेरिकेतील यूटा प्रदेशात, ऑग्डेन या गावी, जॉन मोझेस ब्राउनिंग नावाचा बंदूककार राहत असे. वय ३४, बापाचाही धंदा हाच. त्या वर्षी नेमबाजीच्या जागी एक मित्र बार काढीत असता, नळीच्या तोंडापुढले गवत दर बाराला लवते आहे, हे ब्राउनिंगच्या ध्यानात आले. गवत हजारोंनी पाहिले असेल. हा गृहस्थ मात्र घरी आला तो एक विचार घेऊन. गोळी बाहेर पडल्यावर तिच्यामागून येणारा वायू जर गवत लववतो, तर तो फुकट का जाऊ द्यावा? त्याने एका लोखंडी ठोकळ्याला गोळी जाईल एवढे भोक पाडले, तो नळीच्या तोंडापुढे ठेवला आणि बार काढला. गोळी भोकातून सुखरूप गेली, ठोकळा मात्र उडाला. पुढे ठोकळ्याच्या जागी एक टोपण आले, टोपणाला दांडी जोडली गेली, आणि ती दांडी रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत घेण्याचे काम करू लागली. यातूनच कोल्ट कारखान्याची १८९५ ची मशीनगन निघाली. तिचा दांडा नळीखाली असा हेलकावे खाई की सैनिकांनी तिला बटाटे उकरणारी असे नाव ठेवले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. वायूवर चालणाऱ्या बंदुकीला स्वतःची शक्ती नसते. काडतुसातली दारू जळते ती गोळी ढकलण्यासाठी. त्या वायूतला चिमूटभर वाटा बंदूक उसना घेते व त्यावर आपला संसार चालवते. दारूची जात बदलली, तिचे जळणे मंद वा जलद झाले, की उसनवारीचा सारा हिशेब चुकतो. काडतूस आणि बंदूक ही दोन यंत्रे नव्हेत, ते एकच यंत्र आहे. हे वाक्य सोपे आहे. पण ते मान्य व्हायला बरीच वर्षे गेली.

वायूचा हा पहिला मानकरी ब्राउनिंग जेव्हा छऱ्यांची अर्धस्वयंचलित बंदूक करू लागला तेव्हा त्याने वायूला हातच लावला नाही. १९०० साली पेटंट मिळालेली त्याची बंदूक धक्क्यावर चाले. बार होताच नळी आणि बोल्ट दोन्ही मागे सरकत. विंचेस्टरशी पैशावरून फिसकटल्यावर तो बेल्जममधील एर्स्ताल येथील एफ. एन. कारखान्यात गेला, आणि पुढे १९२६ साली त्याच कारखान्यात त्याला मरण आले. छऱ्यांच्या बंदुकीत त्याने वायू का टाळला, हे समजणे मला कठीण वाटत नाही. रायफलीच्या नळीत दर चौरस इंचावर ५०,००० पौंडांच्या घरात दाब होतो; बारा बोअरच्या नळीत तो ११,००० च्या आसपास. शिवाय रायफलीचे काडतूस बहुधा एका मापाचे असते. छऱ्यांचे काडतूस कोणी १ औंसाचे भरतो, कोणी दीड औंसाचे. तितर मारणारा वेगळे, बदक मारणारा वेगळे. अशा लहरी सावकाराकडून उसने घ्यायचे तरी किती?

धक्क्याच्या बंदुकीतही हा त्रास होताच. ब्राउनिंगने तिच्यात घर्षणाचे एक कडे घातले होते. जड काडतुसाला ते एका जागी, हलक्याला दुसऱ्या जागी बसवावे लागे. मालक हे विसरत. जड काडतुसासाठी लावलेल्या बंदुकीत हलके काडतूस घातले की ती अर्ध्यावर थबके; उलट केले तर प्रत्येक बाराला दणके खाऊन तिचा लाकडी दस्ता तडके. दोन्ही वेळा शिव्या खाई ती बंदूक.

१९५६ च्या सुमारास अमेरिकेत वायूवर चालणाऱ्या छऱ्यांच्या बंदुका बाजारात आल्या. रेमिंग्टनच्या ५८ क्रमांकाच्या बंदुकीत पुढच्या टोपणावर हलके आणि जड अशी फिरकी होती. म्हणजे मालकाची विसरण्याची सोय कायम राहिली. दट्ट्या काडतुसांच्या नळीतच बसवल्यामुळे काडतुसांना जागाही कमी उरली. मग १९६३ साली त्याच कंपनीची ११०० क्रमांकाची बंदूक आली. वेन लीक हा तिच्या रचनाकारांतला प्रमुख. तिच्यात दट्ट्या काडतुसांच्या नळीभोवती बांगडीसारखा बसतो. बारा बोअरच्या साध्या नळीला वायूची दोन छिद्रे आणि जादा भाराच्या मॅग्नम नळीला एकच. कारण जेथे दाब जास्त तेथे उसने कमी घ्यावे. वायू पुढच्या बाजूने निसटू नये म्हणून एक रबरी कडे. या रबरी कड्याची किंमत ती काय! पण ते चिरले की शेकडो डॉलरांची बंदूक मुकी होते.

अशी बंदूक आजारी पडली म्हणजे तिची नाडी कशी पाहतात? उत्तम खूण म्हणजे बाहेर पडणारे रिकामे काडतूस. ते नेहमीच्या जागी पडेनासे होऊन पायाशी घरंगळू लागले, किंवा दारातच बोल्टखाली चिमटले गेले, तर वायू अपुरा. फार दूर भिरकावले जाऊ लागले, तर वायू अती. नेमबाजीच्या मैदानावर आणखी एक परीक्षा करतात: एकच काडतूस घालून बार काढावा. ११०० मध्ये शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे अडकून राहायला हवा; न राहिला तर तो पुरता मागे गेलाच नाही. मग क्रमाने पाहावे. आधी काडतूस बदलून जड भाराचे घालावे. त्याने चालली तर बंदूक कदाचित निर्दोष असेल. मग रबरी कडे. मग छिद्रे, स्टोव्हप्रमाणे, काजळीने बुजली आहेत काय. मग तेल, कारण वायूच्या वाटेवर भरमसाट तेल ओतणारे गृहस्थ काजळीला चिखल करून देतात. दस्त्यातली जुनी स्प्रिंग सर्वांत शेवटी.

पुष्कळ लोक मात्र यांतले काहीच न करता गिरमिट उचलतात आणि छिद्र मोठे करतात. हलकी काडतुसे त्या दिवसापुरती छान चालतात. पुढे जड काडतूस घातले की दट्ट्या हातोड्यासारखा आदळतो, आणि कापलेले लोखंड परत येत नाही.

हीच चूक एका सैन्याने केली तेव्हा काय झाले ते आता पाहू. यूजीन स्टोनर याने रचलेल्या, पुढे एम-१६ नावाने प्रसिद्ध झालेल्या रायफलीत वायू एका बारीक नळीतून थेट बोल्टकडे जातो. बारीक नळकांड्यांसारखे दाणे असलेल्या दारूवर ती जुळवली होती. १९६४ साली सैन्याने काडतुसात गोलाकार दाण्यांची दारू मंजूर केली. बंदूक तीच ठेवली. नव्या दारूने बारांचा वेग वाढला. दारूतले आम्ल मारण्यासाठी घातलेले कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या चुनखडीतलेच द्रव्य, वायूच्या नळीत साचू लागले. व्हिएतनामच्या दमट हवेत काडतुसांची रिकामी कवचे आत चिकटून बसू लागली, आणि शत्रू समोर असता पोरे नळीत गज घालून ती ठोकत बसली. काही जण तसेच मारले गेले.

वरिष्ठांचे निदान ठरलेले होते: सैनिक रायफल साफ करीत नाहीत. या बंदुकीला फारशी सफाई लागत नाही असा समज आधी पसरला होता आणि सफाईची साधनेही पुरेशी पाठवली नव्हती, हे तेव्हा कोणी बोलले नाही. पोरांनी घरी पत्रे लिहिली, आईबापांनी ती लोकप्रतिनिधींना दाखवली. मे १९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती बसली. ऑक्टोबरातल्या अहवालात तिने मुख्य बोट ठेवले ते पुरेशा चाचण्यांवाचून दारू बदलण्यावर. पुढे कवच बसते त्या घराला क्रोमचा मुलामा दिला गेला, दारूतले कार्बोनेट कमी केले गेले, सफाईचे सामान पोचले. सैनिक आळशी होता हे म्हणणे मागे पडले. पण ज्यांच्याविषयी ते म्हटले गेले होते त्यांतले काही ते ऐकायला उरले नव्हते.

आपल्याकडे १९६२ च्या युद्धानंतर सैन्याच्या हाती आलेली इशापूरची सेल्फ-लोडिंग रायफल ज्या कोणी निवृत्त जवानाने वापरली असेल, त्याला हा घोळ नवा वाटणार नाही. तिचे मूळ त्याच एर्स्तालच्या कारखान्यातले. तिच्यावर वायूचे नियंत्रक असते. रीत अशी, की एकेक काडतूस झाडीत वायू कमी कमी करीत जायचे. बोल्ट मागे थांबेनासा झाला की तेथून दोन खाचा वाढवायच्या. म्हणजे आधी बंदूक मुद्दाम अडवायची आणि मग ती कोठे अडते ते पाहून सोडवायची. शिपायाच्या हाती दिलेले इतके प्रामाणिक निदान मला दुसऱ्या यंत्रात दिसलेले नाही.

छऱ्यांच्या बंदुकीत रेमिंग्टनने २०१० साली हे काम माणसाकडून काढून काडतुसाकडेच दिले. व्हर्सा मॅक्स या बंदुकीत वायूची सात छिद्रे काडतुसाच्या घरातच आहेत. आखूड काडतुसाला सातही उघडी राहतात. लांब, जड काडतुसाचे कवच त्यांतली काही आपल्या अंगाने झाकते, आणि वायू आपोआप कमी मिळतो. २०२० साली कंपनीचे दिवाळे निघाले व तिचे भाग निरनिराळ्या खरेदीदारांना विकले गेले. ११०० चे रबरी कडे मात्र अजून विकत मिळते.