कंसातलं घर

आजीच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं होतं. फुप्फुसात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू खाता का? बिडी ओढता का?” आजी म्हणाली, “नाही.” पुढचा प्रश्न आलाच नाही.

चाळीस वर्षं तिनं बिड्या वळल्या होत्या. आमचं करडी मोहाडी तालुक्यातलं. ओसरीत ती मांडीवर सूप घेऊन बसायची, त्यात भिजवून कापलेला तेंदूपत्ता आणि जर्दा. शाळेतून आलो की मी बिड्यांची तोंडं मोडून द्यायचो. जर्द्याची धूळ अंथरुणावर, भाकरीवर बसायची. ती खोकायची आणि म्हणायची, “ठसका आहे बाबू, काई होत नाही.”

हा धंदा आमच्याकडे आला कसा? बिडीच्या इतिहासात असं सांगतात, की छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे 1899 च्या सुमारास, मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल गुजरातहून गोंदियाला आले. रेल्वेची छोटी कंत्राटं घेताना त्यांना जंगलातला तेंदूपत्ता दिसला. गोंदिया 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं.

कामातून कर्करोग होतो, हे तेव्हाही जगाला नवं नव्हतं. 1775 मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा कर्करोग काजळीशी जोडला. 1895 मध्ये जर्मनीच्या लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी दाखवल्या. दोघांनाही रुग्ण काय काम करतो हे माहीत होतं.

तंबाखूतलं नायट्रोसामाइन पान जाळल्यावरच तयार होतं असं नाही. पान वाळवताना, मुरवतानाही होतं. त्यातल्या दोन प्रकारांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. 1990 च्या दशकात मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेनं निपाणीच्या तंबाखू कामगारांच्या रक्तपेशी तपासल्या. इतरांपेक्षा त्यांच्या गुणसूत्रांत जास्त बिघाड सापडले. असा बिघाड म्हणजे कर्करोग नव्हे, पण धोक्याची खूण नक्कीच.

मग कायदा काय करत होता? 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य कर्करोग होता. कारखान्यातल्या कामगारात तो आढळला तर डॉक्टरनं कळवायचं असायचं. बिडीसाठी 1966 मध्ये वेगळा कायदा झाला, तोही 2025 पर्यंत लागू होता. कामाच्या जागी हवा खेळती ठेवा, धुळीचा बंदोबस्त करा, असं त्यात लिहिलं होतं. पण ‘कामाची जागा’ म्हणजे काय, हे सांगताना एक कंस यायचा: राहतं घर सोडून.

घरी बिड्या वळणारी बाई त्याच कायद्यात ‘कामगार’ होती. तिच्या मजुरीचा, रजेचा विचार त्यात होता. ती ज्या ओसरीत बसायची, तिथल्या धुळीचा नव्हता. आमच्याकडे सट्टेदार माल द्यायचा, हजारावर मजुरी मोजायचा, कच्च्या बिड्या छाटायचा. ओसरीत आत कोणी तपासायला आलं नाही.

आजीची गाठ जर्द्यामुळेच झाली, असं मी म्हणू शकत नाही. पण तपासायची सुरुवात ज्या प्रश्नानं होते, तो कोणी विचारलाच नाही. मीही बाजूला उभा होतो, बोललो नाही.

आता मामीला दवाखान्यात नेतो तेव्हा केसपेपर मीच भरतो. व्यवसाय: बिडी कामगार. किती वर्षं, तेही लिहितो.