बाळ का ओढत नाही?

बाळ अंगावर ओढत नाही, ही तक्रार जुनी आहे. तिचं कारण मात्र दर पिढीला नवं सापडत आलं. कुणी दृष्ट काढली, कुणी आईच्या दुधालाच दोष दिला, मग डब्यातल्या पावडरीने प्रश्नच गुंडाळून ठेवला, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बोट जिभेखाली गेलं. जीभ आणि तोंडाचा तळ यांना जोडणारी पातळ कातडी काही बाळांत आखूड असते किंवा पार जिभेच्या टोकापर्यंत आलेली असते. डॉक्टर तिला टंग-टाय म्हणतात. अशा बाळाची जीभ रडताना नीट वर उचलली जात नाही, आणि बाहेर आलीच तर टोकाला खाच पडून बदामाचा आकार दिसतो. शंभरात चार ते दहा बाळं अशी असतात, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. या कातडीचा इतिहास शस्त्रक्रियेच्या पुस्तकांतून लिहिता येतो, पण मला तो मुंबईतल्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यापासून लिहावासा वाटतो. ही कातडी कधी अडचण ठरते आणि कधी कुणाच्या लक्षातही येत नाही, हे तिच्या लांबीपेक्षा बाळंतिणीच्या पहिल्या तीन दिवसांनी आणि पुढच्या कामाच्या तासांनी जास्त ठरवलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी पुस्तकांचं पाहू. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच ही कातडी कापण्याची रीत लिहून ठेवली: जिभेचं टोक चिमट्याने धरायचं, खालचा पडदा कापायचा आणि बाजूच्या रक्तवाहिन्या सांभाळायच्या. पण त्याला काळजी होती ती बोलण्याची, दुधाची नव्हे. पुढे युरोपात सुइणी एका बोटाचं नख मुद्दाम वाढवून बाळ जन्मताच ती कातडी तोडत, असं तिथले शल्यवैद्य तक्रारीच्या सुरात सांगतात. अठराव्या शतकात पॅरिसच्या जाँ-लुई पेतीने अशा कापण्यानंतर रक्तस्राव होऊन किंवा जीभ मागे पडून बाळं दगावल्याचं नोंदवलं. आपल्याकडे सुश्रुताने जिभेच्या पाच रोगांत ‘अलस’ सांगितला आहे. त्यात जीभ ताठरते खरी, पण ती तळाच्या सुजेमुळे. जन्मजात कातडीचा तिथे संबंध नाही. बाळाच्या दूध पिण्याबद्दल मात्र तोच ग्रंथ बारकाईने बोलतो आणि त्याचं सगळं लक्ष जिभेकडे नसून स्तनाकडे आहे. दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री उतरतं, तोवर बाळाला मध-तूप चाटवावं, आणि पाजण्याआधी थोडं दूध पिळून टाकावं; तसं न करता दुधाने ताठलेला स्तन बाळाच्या तोंडी दिला तर खोकला, धाप आणि उलटी होते, असं तो सांगतो. निरीक्षण अचूक आहे. दगडासारखा ताठलेला स्तन नवजात बाळाच्या तोंडात मावतच नाही.

गंमत अशी की तो ताठतो याचं एक मोठं कारण त्या सल्ल्यातच आहे. महाराष्ट्रात कालपरवापर्यंत हीच रीत घरोघरी चालली. चीक, म्हणजे बाळंतिणीचं पहिलं दूध, पिळून टाकायचा, बाळाला मध किंवा घुटी चाटवायची आणि अंगावर घ्यायचं ते दोन-तीन दिवसांनी. त्यात दोन गोष्टी हातच्या जात. पहिल्या दिवशी स्तन मऊ असतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत बाळ चांगलं जागं असतं, म्हणून तोंड मोठं उघडून धरायला शिकायची खरी वेळ तीच. दुसरी गोष्ट, चीक चमचाभरच असतो, त्यामुळे गिळताना बाळ गांगरत नाही. जिभेची कातडी थोडी आखूड असली तरी मऊ स्तनावर जीभ खालच्या हिरडीपुढे कशीबशी पोचते आणि सरावाने सुधारते. तिसऱ्या दिवशी दूध दाटलेल्या, सपाट झालेल्या बोंडावर तीच जीभ घसरते, हिरड्या चावतात, बोंडाला चिरा पडतात आणि आई कळवळते. म्हणजे ज्या जिभेने पहिल्या दिवशी भागलं असतं, तीच तिसऱ्या दिवशी अपुरी ठरते.

आता दांडा. खारच्या पश्चिमेला समुद्राला टेकलेलं हे कोळ्यांचं गाव उपनगरापेक्षा कितीतरी जुनं. खार रोड स्टेशन झालं ते १९२४ मध्ये, आणि वांद्रे-खारचा हा पट्टा मुंबई महापालिकेत आला तो १९५० मध्ये. गावाची घडी सगळ्यांना ठाऊक आहे: पुरुषाने मासळी आणायची, बाईने विकायची. बोंबील वाळवणं, जवळा निवडणं, पाटी घेऊन बाजार गाठणं, गिऱ्हाइकाशी घासाघीस करून पैसा घरात आणणं, हे सगळं तिच्याकडे. म्हणूनच बाळंतिणीचा सव्वा महिना ही तिथे सोहळ्याइतकीच हिशोबाची बाब होती, कारण तेवढे दिवस घरातला विकणारा हात कमी. तेवढ्या काळात मात्र बाळंतीण सहसा एकटी नसे. सुईण, आई, सासू, जाऊ, कुणीतरी तिच्याशेजारी बसलेलं असे, बाळाचं डोकं धरून देत असे, दूध साकळलं तर शेकत असे. ताटात मुशी असे. मुशी खाल्ली की दूध वाढतं, ही समजूत कोकण किनाऱ्यावर इतकी पक्की की एका छोट्या जातीच्या मुशीला इंग्रजीत ‘मिल्क शार्क’ हे नाव भारतातल्या याच समजुतीवरून पडलं. मुशीने दूध वाढतं याला पुरावा नाही. पण गरम कालवण आणि समोर बसून ‘खा’ म्हणणारं माणूस यांचा उपयोग होत नसेल, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अडचण पुढे यायची. बाई बाजाराला लागली की चार-पाच तास बाळ घरी आणि दूध अंगात साठलेलं, आणि मग वरच्या दुधाला वाट मोकळी.

ही वाट रुंद करायला शहर तयारच होतं. डॉ. बार्न्स यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी केली तेव्हा त्यांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. आई दहा तास यंत्रावर असताना बाळ निजून राहावं, एवढाच त्या अफूच्या बाळगोळीचा उद्देश. १९२१ मध्ये मुंबईचा बालमृत्यूदर हजारी ६६० च्या वर नोंदला गेला. जन्मांची नोंद अपुरी असल्याने तो आकडा फुगलेला आहे, हे मान्य करूनही तो भयंकरच. आणि १९२४ मध्येच, म्हणजे खारला स्टेशन झालं त्याच साली, ग्लॅक्सोचं बाळदूध विकण्यासाठी मुंबईत एच. जे. फॉस्टर कंपनी उभी राहिली. ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द गुटगुटीत पोरासाठी मराठी घरांत रुळला तो त्यानंतर. बाटलीच्या रबरी बोंडाला जिभेची फारशी कसरत लागत नाही. दूध आपोआप झिरपतं. त्यामुळे आखूड कातडीची बाळंही बाटलीवर वाढली आणि विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत पाश्चात्त्य डॉक्टरांनी टंग-टायला जवळजवळ बाद केलं. अडचण संपली नव्हती, ती दिसायची जागा संपली होती.

ती परत दिसू लागली ती अंगावरच्या दुधाचा आग्रह परत आल्यावर, आणि त्या वळणाचा बराचसा भाग आपल्याच राज्यात घडला. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी संघटना उभी राहिली आणि १९९२ मध्ये बाळदुधाच्या डब्यांच्या व बाटल्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. बाहेर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००५ मध्ये स्तनपानाची अडचण असलेल्या बाळाची कातडी कापायला मान्यता दिली. अमेरिकेतल्या रुग्णालयांत १९९७ ते २०१२ या काळात टंग-टायचं निदान आठ पटींहून जास्त झालं. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलत नाहीत. बदलली ती पाहणाऱ्याची नजर, आणि कापून पैसे मिळतात हेही त्यात आलंच.

यावर रास्त आक्षेप आहे. ज्या आईच्या बोंडातून रक्त येतं तिला इतिहास सांगून काय उपयोग? कातडी कापायला काही सेकंद लागतात, रक्त थेंबभर येतं, बाळ लगेच अंगावर घेता येतं. खरं आहे, आणि ज्या बाळाची जीभ खरोखर जखडलेली आहे तिथे कात्री अडवू नये. पण पुरावा नीट वाचला पाहिजे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, पाच चाचण्या आणि ३०२ बाळं होती. कापल्यावर आईच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी झाल्या, पण बाळाच्या पिण्यात सुसंगत सुधारणा दिसली नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये सांगितलं की आखूड कातडी असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिताना त्रास होतो. म्हणजे कातडी दिसली म्हणून कारण सापडलं, असं होत नाही. आधी बाळ धरलं कसं आहे ते पाहायचं: पोट आईच्या पोटाला लागलेलं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि तोंडात नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही. पवईच्या आयआयटीत डॉ. रूपल दलाल आणि त्यांचे सहकारी हेच धरणं मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या चित्रफितींतून शिकवतात.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग जुन्या सुइणीच बऱ्या होत्या का? नाही. शेजारी बसणारं माणूस त्यांनी दिलं, पण पहिला दिवस काढून घेतला. आजच्या रुग्णालयाने याच्या उलट करायला हवं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.८ टक्केच. सुईण गेली, चीक टाकणंही बरंच थांबलं, पण पहिला तास अजून बहुतेक बाळांना मिळत नाही आणि शेजारी बसायला कुणाला वेळ नाही. या पोकळीत कात्री लवकर हाताशी येते.

शिवाय कामाच्या तासांचं काय झालं, हेही पाहावं. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला, आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसात दोन सुट्ट्या. दांड्याची मासळी विकणारी बाई कुणाची नोकर नाही. पहिल्या बाळासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेतून तिला पाच हजार रुपये मिळू शकतात, ते बाजार बुडाल्याची भरपाई किती दिवसांची करतील ते तिलाच विचारावं. तिचं बाळ दुपारी ओढत नसेल, तर जिभेखाली पाहण्याआधी डॉक्टरने तिला विचारण्याजोगी गोष्ट आहे ती ही, की ती पाटी घेऊन पहाटे किती वाजता निघते.