भुकेचें गणित

सन १८७७ च्या जानेवारींत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराच्या भुकेला आंकडा लावून दिला : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं या दरास शास्त्राच्या आधारें विरोध केला. इकडे दख्खनमध्यें हजारों मजूर तो दर नाकारून कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची कड घेतली. टेंपलसाहेबांच्या लेखीं माणूस म्हणजे एक भट्टी. इतकें जळण घातलें कीं इतकें काम निघालें पाहिजे. पुढें १८९९-१९०० च्या दुष्काळांत आमचा खानदेशही होरपळला, तेव्हांही सरकारी दप्तरांत भूक धान्याच्या वजनानेंच मोजली जात होती.

आज एरंडोलसारख्या तालुक्याच्या गांवींही सुशिक्षित घरांतील चिंता नेमकी उलट आहे. कळण्याची भाकरी मागें पडली, मधुमेह पुढें आला, आणि वजन कसें उतरेल हा प्रश्न जेवणाच्या पंक्तींत ऐकूं येऊं लागला. उत्तर मात्र टेंपलसाहेबांच्या हिशेबाचेंच : जळण कमी घाला, आपोआप झडेल. न झडल्यास त्या माणसाच्या जिभेला लगाम नाहीं असें ठरवून आपण मोकळे होतों. घरांतील बाईमाणसाला तर हा टोमणा विशेष ऐकावा लागतो. या निवाड्याला शास्त्राचा आधार उरलेला नाहीं, हें दाखविण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

१९४४-४५ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज यांनीं छत्तीस निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. वजन सुमारें पाव हिश्शानें घटलें, हें अपेक्षितच होतें. परंतु शरीरानें आपला खर्चही आंखडता घेतला : नाडी मंद झाली, अंग गार पडूं लागलें, आणि डोक्यांत अन्नावांचून दुसरा विषय राहिला नाहीं. पुढें पोटभर मिळूं लागल्यावरही कित्येकांची भूक शमेना. भट्टी असें वागत नाहीं. जळण संपलें कीं ती विझते. संसारी माणसाप्रमाणें हात आंखडून दिवस काढीत नाहीं.

हा हुकूम येतो कोठून ? १९५१ सालीं येल विद्यापीठांत बालकृष्ण आनंद व जॉन ब्रोबेक यांनीं दाखविलें कीं, उंदराच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमसचा बाजूचा इवलासा भाग निकामी केला, तर तो उंदीर समोर अन्न असतां उपाशी मरतो. (हे आनंद पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत प्राध्यापक झाले.) मेंदूला खबर कोण देतें हें कळण्यास मात्र १९९४ साल उजाडावें लागलें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन यांनीं ज्या संप्रेरकाचा त्या वर्षीं छडा लावला, त्यालाच लेप्टिन म्हणतात. आणि तें निपजतें खुद्द चरबींत! जिला आपण निर्जीव लोण्याचा गोळा समजत होतों, ती चरबी रक्तावाटे मेंदूला आपल्या शिलकेचा ताळेबंद धाडीत असते. १९९९ मध्यें जपानांत कोजिमा व कांगावा यांनीं जठरांतील घ्रेलिन शोधलें. तें जेवणापूर्वीं वाढतें आणि भूक चेतवितें.

लेप्टिन टोंचलें कीं स्थूलता गेलीच, असें प्रथम पुष्कळांस वाटलें. जन्मतःच तें नसलेल्या मोजक्या रोग्यांस विलक्षण गुण आलाही. इतर स्थूल माणसांच्या रक्तांत तें आधींच भरपूर असतें, पण मेंदू त्याला दाद देत नाहीं. माझ्या मतें लेप्टिनला तृप्तीचा ढेकर समजणें हीच चूक होती. त्याची घट ही दुष्काळाची दवंडी आहे. चरबी उतरली कीं लेप्टिन उतरतें, आणि मेंदू भूक वाढवून खर्च तोडतो. २०११ मध्यें मेलबर्नच्या संशोधकांनीं पन्नास स्थूल व्यक्तींस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेविलें. वर्ष लोटल्यावरही त्यांचें लेप्टिन उतरलेलें व घ्रेलिन चढलेलेंच आढळलें. आंतड्यांतील एका संप्रेरकाची नक्कल करणारीं सेमाग्लुटाइडसारखीं नवीं औषधें भूक खरोखर आंवरतात. पण औषध सोडलें कीं वजन बव्हंशीं परत येतें.

आपल्याकडील पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५. स्नायू व पोटांतील अवयव पुष्कळच लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानें टिकून राहिलेली. लंडनच्या बाळांशीं केलेल्या दुसऱ्या एका तुलनेंत पुण्याच्या बाळांच्या नाळेंतील रक्तांत वजनाच्या मानानें लेप्टिनही अधिक आणि इन्सुलिनही अधिक निघालें. २००४ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत याज्ञिक व त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनीं स्वतःचाच दाखला दिला : उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिनांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२. तराजूला हा भेद दिसत नाहीं.

त्या सहा खेड्यांतील बाळांचा धागा थेट १८७७ च्या पौंडाशीं जोडणें धाडसाचें होईल. मात्र त्यांच्या आया कृश होत्या, शेतांत राबणाऱ्या होत्या. २०१२ पासून त्याच मुलामुलींस, तीं वयांत आल्यावर, ब-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या अपत्यांवर काय परिणाम होतो हें याज्ञिक व त्यांचे सहकारी पाहूं लागले. म्हणजे उपचार सुरू झाला तो आईच्या ताटापासून, आणि तोही ती आई होण्याच्या कित्येक वर्षें आधीं.