डोलकर डोलत नाही

आजचा धागा एका शब्दाविषयी.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘मी डोलकर’ लागले, की कमरेला त्रिकोणी रुमाल बांधलेली मुले पुठ्ठ्याची वल्ही घेऊन डावी-उजवीकडे डोलू लागतात. डोलकर म्हणजे डोलणारा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. गोराईच्या कोळीवाड्यात मात्र हा अर्थ सांगण्याचे धाडस करू नये.

‘डोल’ हे जाळे आहे. गोराई-मनोरीपासून उत्तन-वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर ते पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. आकार लांबलचक पिशवीसारखा. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे उघडे ठेवतात. भरती-ओहोटीचे पाणी बोंबील, जवळा, करंदी आत लोटते. प्रवाह उलटण्याआधी जाळे ओढून घ्यावे लागते, नाहीतर मेहनत वाया. हा उद्योग करणारा तो डोलकर. त्याचे जाळे फेकायचे नसतेच. त्याचे कौशल्य पाण्याची वेळ ओळखण्यात आणि भिजलेला दोर खेचण्यात असते.

आता हे गाणे कोणी घडविले ते पाहा. शब्द शांता शेळके यांचे. जन्म इंदापूरचा, म्हणजे समुद्रापासून दूर, घाटावर. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. गायक लता मंगेशकर आणि वंगभूमीचे हेमंतकुमार. चौघांत कोळी एकही नाही. मग ही नक्कल म्हणायची का?

माझे मत : नाही. नक्कल करणे फार सोपे होते. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ केला, मागे ठेका लावला, की ‘कोळीगीत’ तयार होते; अशी गाणी आपण ढिगाने ऐकली आहेत. शेळक्यांनी गाण्याच्या नायकाला मोघमपणे ‘नाखवा’ म्हटले असते, तरी शहरी श्रोत्याची तक्रार नव्हती. त्यांनी मात्र जाळ्यावरून पडलेले नेमके नाव निवडले. तो अर्थ पुढे पुसला गेला असेल, तर दोष ऐकणाऱ्यांकडे जातो.

याच्या शेजारी ‘बॉबी’ (१९७३) ठेवा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यातील एका लोकप्रिय गाण्यात ‘हांव सायबा पलतडी वेतां’ या कोंकणी देखणीची चाल घेतली. ही देखणी कार्लुस युजेनियु फेरेरा यांच्या नावे ओळखली जाते. मूळ गीतात नर्तकी नावाड्याला पैलतीरी नेण्याची विनवणी करते, त्यासाठी दागिने देऊ करते. हिंदीत सोने-चांदी उरली, प्रेमाचा सौदा आला. नदी आणि तर गळून पडली. चाल गोड आहेच. पण गंमत अशी, की देखणी हा प्रकारच मुळात गोव्यातील ख्रिस्ती समाजाने हिंदू कलावंतिणींच्या नृत्यगायनावरून रचलेला. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो, तेही एकेकाळी उसनेच होते! फरक इतकाच, की त्या उसनवारीत नर्तकीला कुठे जायचे आहे, का जायचे आहे, हे शाबूत राहिले.

घरचा माणूस गायला म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. वेसाव्याच्याच ‘वेसावकर आणि मंडळी’ने ‘वेसावची पारू’ गाजविले, तेव्हा ते कॅसेटच्या बाजारासाठीच होते. लग्नातल्या पारंपरिक गाण्यांशी तुलना करून नाक मुरडणारे तेव्हाही असतील. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. आपल्या गावाचे नाव आपणच मोठ्याने घेण्याचा आनंद त्यात आहे.

गोराईची खाडी ओलांडायला आजही बोट लागते. पलीकडे गेलात, तर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांपाशी थांबा. त्यांतले बरेचसे डोलीतूनच आलेले असतात. आणि शाळेच्या पुढच्या संमेलनात मुलांच्या हाती वल्ह्यांऐवजी एक जाड दोरखंड देऊन पाहा : ओढण्याची लय त्या ठेक्यात कशी बसते, ते कळेल.