कुलाब्यातील सूर्यचूल

मुंबईत इ. स. १८७८ साली सूर्याच्या उष्णतेचा इंधनाऐवजी कसा उपयोग करता येईल याविषयी एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता विल्यम अ‍ॅडम्स हा कोणी यंत्रविशारद नव्हता, तर दावे, दस्तऐवज आणि हुकूमनामे यांच्या दप्तरात दिवस घालविणारा हायकोर्टातील डेप्युटी रजिस्ट्रार होता. फ्रान्समध्ये मूशो नावाच्या संशोधकाने सूर्यतापावर वाफेचे यंत्र त्यापूर्वीच चालवून दाखविले होते. परंतु त्याचा धातूचा वक्र परावर्तक महाग, आणि त्याची झिलई फार दिवस न टिकणारी. अ‍ॅडम्सने साधे सपाट आरसे पत्करले, आणि मला त्याच्या बुद्धीचे खरे तेज या निवडीतच दिसते. कारण जी वस्तू फुटली असता बाजारातून आणून बसविता येते, तीच सामान्य संसारात टिकाव धरते. सुमारे १७ इंच लांब व १० इंच रुंद अशा ७२ आरशांचा प्रकाश एका ठिकाणी आणला असता तेथे धरलेले लाकूड तत्काळ पेट घेई. मधल्या कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने याच उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र पंधरवडाभर चालविले आणि ते पाहावयास लोकांना पाचारण केले.

त्याची चूल याहून साधी होती. आतून आरसे जडविलेले शंकूच्या आकाराचे लाकडी पात्र, मध्यभागी तांब्याचे भांडे, वर काचेचे आच्छादन. सूर्य सरकेल तसे सर्व वळवीत राहावयाचे. जानेवारीसारख्या थंडीच्या महिन्यातही तिच्यावर सात शिपायांचे मांस व भाजी दोन तासांत शिजली.

मग ही चूल घरोघर का गेली नाही? पावसाळ्यातील झाकोळ आणि पहाटे व तिन्हीसांजेला पेटणारी आपली चूल, ही कारणे उघड आहेत. परंतु तितकेच बलवत्तर कारण मला आवाराचे वाटते. अ‍ॅडम्सला बंगला होता; गिरणगावच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत कोळशाची शेगडी फुंकणाऱ्या बाईला स्वतःच्या मालकीचे हातभर ऊनही नव्हते. गच्ची सर्वांची, म्हणून पापड-कुरडयांच्या वाळवणापलीकडे तेथे कोणाचाच हक्क चालत नसे.

आता ऊन विजेच्या रूपाने तारेतून स्वयंपाकघरात येते, त्यामुळे वेळेची अडचण बरीचशी सरली आहे. मुंबईतील छपरांवर सुमारे १,७२० मेगावॅट क्षमतेची सौर तावदाने बसू शकतील, असा पवईच्या आयआयटीतील अभ्यासकांचा अंदाज आहे. शिवाय २०२४ च्या केंद्रीय योजनेत एकट्या घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. परंतु स्वतंत्र छप्पर असलेली घरे या शहरात किती? सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांना आणि मोबाईलच्या मनोऱ्यांना जागा मिळते. तेथे सौर तावदाने बसलीच, तर त्यांच्या विजेने बहुधा जिन्यातले दिवे आणि लिफ्ट चालतात. पहिल्या मजल्यावरील भाडेकरूच्या बिलातही त्या उन्हाचा वाटा वजा व्हावा, यासाठी प्रत्येक घराचा गच्चीवरील हिस्सा सोसायटीच्या ठरावात आणि वीज कंपनीच्या मीटरमध्ये स्पष्ट नोंदविला गेला पाहिजे.