नागरी चयापचय

शहरात येणारे पाणी, अन्न, इंधन व बांधकामसाहित्य आणि शहराबाहेर पडणारे सांडपाणी, कचरा व धूर यांचा एकत्र ताळेबंद मांडण्याची अभ्यासपद्धती. अमेरिकी अभियंते एबल वोलमन यांनी १९६५ मध्ये दहा लाख वस्तीच्या एका कल्पित अमेरिकी शहराचा असा हिशेब मांडला : रोज ६,२५,००० टन पाणी, ९,५०० टन इंधन व २,००० टन अन्न आत, ५,००,००० टन सांडपाणी, २,००० टन कचरा व ९५० टन वायुप्रदूषके बाहेर. पुढे ब्रुसेल्स व हाँगकाँग या प्रत्यक्ष शहरांचेही हिशेब झाले. मात्र हा ताळेबंद महापालिकेच्या हद्दीशी थांबला, तर तो खरा ठरत नाही. मुंबईचे बरेचसे पाणी शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणांतून येते आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुंबईच्या नळावरच्या मीटरला ही टंचाई दिसत नाही.

बाहेर पडणाऱ्या मालाची मोजणीही अशीच अर्धवट असते. क्षेपणभूमीच्या काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या डंपरच्या वजनातला फरक तेवढा नोंदला जातो. त्यात भाजीचे देठ किती, डेब्रिज किती, पावसात भिजल्याने वाढलेले वजन किती, हे कळत नाही. कचरावेचकांनी आधीच वेचून भंगारात घातलेला पुठ्ठा आणि प्लास्टिक तर काट्यापर्यंत पोहोचतच नाही. शहराचा मोठा भार हलका करणारे हे श्रम हिशेबाबाहेर राहतात, हा सरळ अन्याय आहे.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, वजनावरून घातकता कळत नाही : किलोभर बॅटऱ्या आणि किलोभर केळीच्या साली सारख्याच भरतात. आक्षेप बरोबर आहे, पण त्यावर उपाय प्रकारवार वजनाचा आहे. वजन करणेच सोडून देण्याचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सरासरीत विषमता बुडते. मुंबईत पाणीपुरवठ्याचा निकष इमारतींसाठी माणशी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्ट्यांसाठी ४५ लिटर असा राहिला आहे. सगळ्या शहराचा एकच आकडा ही तफावत झाकतो. म्हणून हिशेब प्रभागवार हवा. महाराष्ट्रातील महापालिकांच्या पर्यावरण सद्यस्थिती अहवालांत पाणी, मलजल आणि घनकचरा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. ते एकाच तक्त्यात, प्रभागवार आणि पाणी ज्या तालुक्यातून आणले त्याच्या नावासह छापले जावेत.